ड्यूररचा विजयरथ: कला की पगारी खुशामत?

रेघोट्या: व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात न्यूरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचं १५१८चं शाई आणि जलरंगातलं चित्र आहे, पवित्र रोमन सम्राट पहिल्या मॅक्सिमिलियनचा विजयरथ. भोवती स्त्रीरूपातले सद्गुण, लगाम विवेकाच्या हाती. याच चित्रावरून १५२२मध्ये लाकडी ठशांची छापील आवृत्ती निघाली. तिच्यात सम्राटाच्या डोक्यावर हार धरणाऱ्या विजयदेवतेच्या पंखांवर जिंकलेल्या देशांची नावं आहेत. त्यात स्वित्झर्लंड आणि व्हेनिस! १४९९च्या युद्धात स्विसांनी या सम्राटाला धूळ चारली, आणि १५१६च्या तहात व्हेरोना शहर हातचं जाऊन व्हेनिसला मिळालं. ड्यूररला १५१५पासून सम्राटाकडून वर्षाला १०० गुल्डन (तेव्हाचं चलन) मानधन मिळत होतं. खाल्ल्या मिठाला जागला, दुसरं काय?

कुंचलेवाला: रूपक म्हणजे युद्धाचं वार्तांकन नव्हे हो. राजा कसा असावा ते सांगणारं चित्र आहे ते. बारा घोडे उधळू नयेत म्हणून विवेक पुढे बसवलाय, हे तुम्ही एका वाक्यात उडवलंत. आणि ते १०० गुल्डन सम्राटाच्या खिशातून नव्हे, न्यूरेंबर्ग शहराने त्याला द्यायच्या करातून यायचे. सम्राट स्वतः कायम कर्जात!

रेघोट्या: राजा कसा असावा हे सांगायला हरलेल्या लढाया कशाला लागतात?

जुनीवही: गंमत पुढेच आहे. रथाची सगळी रूपकं जुळवली ड्यूररचा मित्र पिर्कहाइमर याने. १४९९च्या त्याच युद्धात तो न्यूरेंबर्गची तुकडी घेऊन गेला होता. म्हणजे पराभव स्वतः पाहिलेल्या माणसाच्या योजनेत स्वित्झर्लंड विजयाच्या पंखावर! मला तर हा बेरकीपणा वाटतो.

कुंचलेवाला: शिवाय सम्राट जानेवारी १५१९मध्ये वारला. छापील रथ त्यानंतर तीन वर्षांनी, तोही ड्यूररने स्वतःच प्रसिद्ध केलेला. मेलेल्याची खुशामत करून काय मिळणार?

रेघोट्या: नातू गादीवर होता की! सम्राट गेल्यावर मानधन अडकलं, म्हणून ड्यूरर १५२०मध्ये थेट नेदरलँड्सला गेला आणि पाचव्या चार्ल्सकडून ते पुन्हा मंजूर करून घेतलं. अशा घरातल्या आजोबांचा रथ छापणं तोट्याचं नव्हतं.

जुनीवही: पण मानधन तर छपाईआधीच सुटलं होतं. मग १५२२ला दडपण कुणाचं? छापील चित्रं विकून पैसे मिळवायचे होते असं म्हणा, ते पटेल. खुशामत मात्र १५१८च्या चित्रात शोधा, तेव्हा गिऱ्हाईक जिवंत होतं.