ब्रोमो आणि इजेन : स्वतः आखलेला प्रवास

म्हापसा : आईसोबत इंडोनेशियातील जावा बेटावरील ब्रोमो आणि इजेन हे ज्वालामुखी पाहायचे आहेत, सहल कंपनीशिवाय व्हिसा मिळेल का, आणि तिला चढण झेपेल का?

फोंडा : भारतीय पासपोर्टवर तेथे उतरल्यानंतर ५,००,००० इंडोनेशियन रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा आणि परतीचे तिकीट जवळ ठेवावे.

वाळपई : ब्रोमो २,३२९ मीटर उंच असला तरी जीप वाळूच्या पठारावरून बरीच जवळ नेते आणि विवराच्या काठापर्यंत पायऱ्या आहेत, म्हणून आईंना सावकाश का होईना, जरूर न्या. इजेनच्या विवरात मात्र, जेथे पेटत्या गंधकवायूची निळी ज्योत अंधारातच दिसते, त्यांना उतरवू नका. तो धूर घसा आणि छाती जाळतो. (आपल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला काळा बेसाल्ट खडकही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच आहे. निघण्याआधी तो त्यांना दाखवा.)