वर्डप्रेसचे ऑटो अपडेट सरसकट बंद ठेवावेत, माझं ठाम मत

सह्यकडा:
मंडळी, छोट्या धंदेवाल्यांच्या वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चालणाऱ्या ८-१० साइट सांभाळतो आणि सगळीकडे ऑटो अपडेट बंद ठेवलेत. ओळखीतल्या एकाने यावरून वेड्यात काढलं म्हणून लिहितोय. ऑगस्ट २०२०, गणपती २२ तारखेला, मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एका काकूंची साइट. ११ला वर्डप्रेसचं ५.५ व्हर्जन आलं, मी लगेच अपडेट मारलं आणि 'ऑर्डर करा' बटण मेलं, कितीही दाबा काही होईना, कारण ५.५ मध्ये जेक्वेरी मायग्रेट (जुना जावास्क्रिप्ट कोड चालता ठेवणारा तुकडा) बंद केलेलं आणि काकूंची जुनी थीम, म्हणजे साइटच्या रूपाचा साचा, त्याच्याच जिवावर चाललेली. दीड दिवस बिचाऱ्या फोन कानाला लावून वहीत ऑर्डरी लिहीत होत्या. तेव्हापासून चालत्या साइटला हात लावत नाही.

रानजाई:
काकूंचं वाईट वाटलं, पण ५.५ मेजर, म्हणजे मोठं अपडेट होतं हो! वर्डप्रेसमध्ये ५.४ वरून ५.५ म्हणजे मेजरच, मायनर म्हणजे छोट्या दुरुस्त्या, तिसरा आकडा बदलतो, ५.५.१ वगैरे. मेजर आपोआप नको, कबूल. पण तुम्ही मायनरही बंद केलेत. ४.७.२ आठवा, २६ जानेवारी २०१७. पासवर्ड नसताना कुणीही तुमची पोस्ट बदलू शकेल एवढं मोठं भोक होतं, म्हणून त्यांनी आधी गुपचूप बुजवलं आणि १ फेब्रुवारीला जाहीर केलं. मग जे ४.७ किंवा ४.७.१ वरच बसले होते त्यांच्या साइटी धडाधड विद्रूप झाल्या.

सह्यकडा:
आणि ४.९.३? फेब्रुवारी २०१८, त्या मायनरनेच ऑटो अपडेट मोडलं, दुसऱ्याच दिवशी ४.९.४ काढलं आणि ते लोकांना हाताने मारावं लागलं. भरवसा ठेवायचा कुणावर?

रानजाई:
अहो, त्यांना एकदा हाताने मारावं लागलं, तुम्हाला तर दरवेळी मारावं लागतं. तुम्ही आजारी पडलात, गावी गेलात, तर त्या ८-१० दुकानांचं काय?

टपरीचहा:
मायनर चालू ठेवा याला माझं +१. मेजर आधी साइटच्या कॉपीवर करून बघा, तिथे स्वतः एक खोटी ऑर्डर टाका, नुसतं होमपेज उघडलं म्हणजे झालं असं नाही. बॅकअप फाइल्स आणि डेटाबेस दोन्हीचा घ्या, कारण मेजरमध्ये डेटाबेसही बदलू शकतो, नुसत्या जुन्या फाइल्स परत टाकून भागेलच असं नाही. आणि कॉपी नीट चालली म्हणून तिचा डेटाबेस लाइव्हवर, म्हणजे खऱ्या चालू साइटवर, ओतू नका प्लीज, मधल्या काळात आलेल्या खऱ्या ऑर्डरी पुसल्या जातात, मी एका साडीवाल्या ताईंच्या २ दिवसांच्या ऑर्डरी अशाच घालवल्यात. अपडेट लाइव्हवर परत मारायचं, रात्री, गिऱ्हाईक नसताना.

सह्यकडा:
ऑर्डरी पुसल्या जातात हे डोक्यातच आलं नव्हतं. ठीक आहे, कोअरचे, म्हणजे मूळ वर्डप्रेसचे, मायनर आज चालू करतो. पण प्लगिनचे (वरून जोडलेल्या, इतरांनी बनवलेल्या जास्तीच्या सोयींचे) ऑटो अपडेट मी नाही म्हणजे नाही चालू करणार, तिथे तिसऱ्या आकड्यालाही कोण काय बदलेल सांगता येत नाही.

रानजाई:
हॅकर बहुतेक वेळा प्लगिनमधूनच घुसतात की! काकूंच्या साइटवर प्लगिन किती आहेत ते सांगा आधी.