वणव्याचा धूर घरात शिरतोय, मदत हवी आहे

चार दिवस झाले, डोंगरावरचा वणवा काही विझत नाही आणि धूर घरात ठाण मांडून बसलाय. खिडक्या बंद, दाराच्या फटीत ओला टॉवेल, तरी सकाळी उशीला जळक्या लाकडाचा वास येतो. सासूबाईंना दमा आहे, काल रात्री दोनदा पंप घ्यावा लागला (डॉक्टरांशी बोललेय, ते वेगळं). कापडी मास्क पीएम २.५ च्या, म्हणजे धुरातल्या अतिसूक्ष्म कणांना नीट अडवत नाही, म्हणून एन-९५ आणलेत. पण घरात दिवसभर मास्क कोण लावणार?

टेबलफॅनला मर्व्ह-१३ फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारा) बांधून घरगुती प्युरिफायर कुणी केलाय का? मोटार तापते का? आणि खिडक्या नेमक्या कधी उघडता? उकाड्याने जीव नकोसा झालाय.