मदत हवी आहे : लिंक्डइनवर अनोळखी व्यक्तीला पाठवायचा पहिला संदेश कसा लिहावा?

नमस्कार.

मी औषधनिर्मिती क्षेत्रात, गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत काही वर्षांपासून काम करते. स्टॅबिलिटी अभ्यासासाठी, म्हणजे ठरावीक तापमान आणि आर्द्रतेत औषध किती टिकते हे पाहण्यासाठी, ठेवलेले गोळ्या-कॅप्सूलचे नमुने ठरलेल्या मुदतीला बाहेर काढणे, एचपीएलसीवर (नमुन्यातील घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) त्यांचे विश्लेषण करणे आणि अहवाल तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. आता मला रेग्युलेटरी अफेअर्समध्ये जायचे आहे, म्हणजे औषधाला परवानगी मिळावी यासाठी नियामक संस्थेकडे जे डोसियर सादर केले जाते, ते तयार करणाऱ्या विभागात. त्या विभागात काम करणारे माझ्या ओळखीचे कोणीही नसल्यामुळे लिंक्डइनवरून काही जणांशी संपर्क साधावा असा विचार आहे आणि त्यासाठी पुढील मसुदा तयार केला आहे.

«आदरणीय सर/मॅडम, नमस्कार. मी गुणवत्ता नियंत्रण क्षेत्रातील एक मेहनती आणि ध्येयनिष्ठ व्यक्ती असून नव्या संधीच्या शोधात आहे. आपली प्रोफाइल पाहून मी अत्यंत प्रभावित झाले. आपल्या कंपनीत माझ्या पात्रतेला साजेशी एखादी जागा असल्यास कृपया कळवावे. सोबत रेझ्युमे जोडत आहे. आपले मार्गदर्शन मिळाल्यास मी ऋणी राहीन.»

हा मसुदा अजून कोणालाही पाठवलेला नाही, कारण ज्यांचा माझ्याशी काही संबंध नाही त्यांचा वेळ मागायचा, तर तो नीट विचार करून मागितला पाहिजे असे मला मनापासून वाटते. संपर्काच्या विनंतीसोबतच नोंद पाठवावी, की आधी विनंती स्वीकारली जाऊ द्यावी आणि मग लिहावे? नोकरी हवी आहे हे पहिल्याच संदेशात स्पष्ट सांगावे का? आणि उत्तर आले नाही तर पुन्हा आठवण करून देणे योग्य दिसते का? ज्यांना असे संदेश येतात त्यांनी आपली बाजू सांगितली तर विशेष मदत होईल.

प्रतिसाद १

मी रेग्युलेटरी विभागातच काम करतो आणि मला असे संदेश नियमितपणे येतात, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

तुमचा मसुदा नम्र आहे, परंतु त्यात तुम्ही कोठेच दिसत नाही. त्यातील 'गुणवत्ता नियंत्रण' हे शब्द काढून तेथे 'लेखापरीक्षण' किंवा 'विपणन' घातले, तरी बाकीच्या एकाही वाक्याला हात लावावा लागत नाही, आणि तो मला न पाठवता दुसऱ्या कोणालाही पाठवला तरी काही बिघडत नाही. जो संदेश कोणालाही पाठवता येतो, त्याचे उत्तर देणे ही आपली जबाबदारी आहे असे कोणालाच वाटत नाही. त्यातच अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेले, एकाच साच्यातले संदेश इतके वाढले आहेत की 'आपली प्रोफाइल पाहून प्रभावित झालो' हे वाक्य दिसताच वाचणाऱ्याचे बोट पुढच्या संदेशाकडे जाते.

मोबाइलवर संदेश उघडण्यापूर्वी फक्त सुरुवातीचे काही शब्द दिसतात. तुमच्या मसुद्यात ती सगळी जागा 'आदरणीय सर/मॅडम, नमस्कार' यातच जाते. शिवाय 'सर/मॅडम' लिहिले की समोरच्या व्यक्तीचे नावही पाहिलेले नाही हे आपोआप कळते. नावापुढे 'जी' लावा किंवा नुसते 'नमस्कार' लिहा, पण तिरकी रेघ टाकून दोन्ही पर्याय उघडे ठेवू नका.

आता मागणीकडे वळू. जागा आहे का, या प्रश्नाचे उत्तर माझ्यासारख्या माणसाकडे बहुतेक वेळा नसते, कारण भरती मनुष्यबळ विभाग पाहतो. फार तर मी कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा असे सांगेन, आणि तेवढ्याने संवाद संपेल. 'मार्गदर्शन' ही मागणी याच्या उलट फार मोठी आहे. कशाबद्दल, किती आणि कोठून सुरुवात करायची, हे सगळे ठरवण्याचे काम तुम्ही माझ्यावर टाकता. मला उभ्या उभ्या दोन-तीन ओळींत देता येईल आणि जे माझ्या कामामुळे मलाच ठाऊक असेल, अशा उत्तराचा प्रश्न विचारा.

तसा प्रश्न विचारण्यासाठी लागणारे भांडवल तुमच्याकडे आहे, आणि ते मसुद्यात न आल्याचे मला खरोखर वाईट वाटले. आम्ही जे डोसियर लिहितो त्याच्या सीटीडी (कॉमन टेक्निकल डॉक्युमेंट) या ठरलेल्या आराखड्यात पाच मॉड्यूल, म्हणजे भाग, असतात आणि तिसरे मॉड्यूल पूर्णपणे गुणवत्तेच्या माहितीचे असते. त्यातील स्टॅबिलिटीचा भाग ज्या आकडेवारीवर उभा राहतो, ती तुम्ही तयार करता. ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला सहा महिने ठेवलेल्या नमुन्यात एखादी अशुद्धी हळूहळू वाढताना दिसली, तर नियामक संस्थेचा परीक्षक त्यावर नेमकी शंका काढतो, आणि त्या शंकेचे उत्तर लिहिताना आम्हाला प्रयोगशाळेतल्या माणसाकडेच जावे लागते. त्यामुळे 'मी स्टॅबिलिटी नमुन्यांचे विश्लेषण करते' एवढे एक वाक्य माझ्यासारख्याला 'मेहनती' आणि 'ध्येयनिष्ठ' या दोन्ही विशेषणांपेक्षा जास्त सांगून जाते.

विनंतीसोबतच्या नोंदीला लिंक्डइनवर जास्तीत जास्त ३०० अक्षरांची जागा असते, मोफत खात्यांना ती त्याहून कमी मिळते, आणि महिन्याला मोजक्याच विनंत्यांना नोंद जोडता येते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हेही वेगळे मोजले जात असल्यामुळे ही जागा अंदाजापेक्षा लवकर भरते. पुढील नोंद २०० अक्षरांत बसते.

«नमस्कार. मी स्टॅबिलिटी नमुन्यांचे विश्लेषण करते. मॉड्यूल ३ लिहिण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली. प्रयोगशाळेतून रेग्युलेटरीत येण्याबद्दल एक छोटा प्रश्न विचारायचा आहे, म्हणून ही विनंती.»

पोस्ट खरोखर वाचलेली असेल तरच तसे लिहा. विनंती स्वीकारली गेल्यावर पुढचा संदेश असा असू शकेल.

«विनंती स्वीकारल्याबद्दल आभार. मला पुढे रेग्युलेटरी विभागातच काम करायचे आहे. स्टॅबिलिटीची आकडेवारी मी तयार करते, परंतु ती डोसियरमध्ये कशी मांडली जाते हे मला जवळून पाहता आलेले नाही. प्रयोगशाळेतून आलेल्या व्यक्तीला या कामात पहिल्या वर्षी सर्वांत अवघड काय जाते, हे तुमच्या अनुभवावरून दोन ओळींत सांगाल का?»

यात नोकरीची इच्छा लपवलेली नाही. ती लपवून आधी निव्वळ कुतूहल दाखवायचे आणि तिसऱ्या संदेशात रेझ्युमे पुढे करायचा, हा प्रकार समोरच्याला फसवणुकीसारखा वाटतो. इच्छा एका वाक्यात सांगावी आणि मागणी मात्र माहितीची करावी. रेझ्युमे कोणी मागितल्याशिवाय जोडू नका. अनोळखी व्यक्तीकडून आलेली फाइल उघडायला बरेच जण कचरतात आणि तसे कचरणे योग्यही आहे.

प्रतिसाद २

वरील सूचना पटण्यासारख्या आहेत, पण संदेश कसा लिहावा याच्या आधी तो कोणाला लिहावा हे ठरवायला हवे, आणि माझ्या मते अर्धे यश तेथेच आहे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे मांडले होते की नवी माहिती आणि संधी जवळच्या माणसांपेक्षा विरळ ओळखींमधून अधिक येतात, कारण जवळच्या माणसांना बहुधा तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे २ कोटी सदस्यांवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नोकरी बदलण्यासाठी सर्वाधिक उपयोगी पडले ते मध्यम विरळ संबंध, म्हणजे काही सामाईक ओळखी असलेली, पण रोजच्या संपर्कात नसलेली माणसे. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की अगदी अनोळखी विभागप्रमुखांपासून सुरुवात करण्याऐवजी, ज्यांच्या नावासमोर '२' हा आकडा दिसतो, म्हणजे तुमच्या ओळखीच्या कोणाच्या तरी ओळखीचे जे आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करावी. त्यातही जी माणसे स्वतः गुणवत्ता नियंत्रणातून रेग्युलेटरीकडे गेली आहेत, त्यांना आधी शोधा. कामाचा पूर्वेतिहास प्रोफाइलवर दिलेला असतो, त्यामुळे हे शोधणे कठीण नाही. अशा व्यक्तीने काहीही पोस्ट केलेले नसले तरी «तुम्हीही प्रयोगशाळेतूनच या विभागात गेलात, हे तुमच्या प्रोफाइलवर पाहिले» एवढे वाक्य पुरते, आणि त्यात अतिशयोक्तीचा लवलेशही नसतो.

लोक उत्तर देतील का, या शंकेबद्दलही थोडे लिहितो. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये मदत मागणाऱ्यांनी होकाराचा जो अंदाज बांधला होता, त्याहून प्रत्यक्षात बरेच अधिक लोक मदतीला तयार झाले. हे वाचून कोणालाही धीर येईल, परंतु ते प्रयोग मुख्यतः समोरासमोरच्या विनंतीचे होते. त्याच विषयावर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की अनोळखी व्यक्तीला ईमेलने केलेली विनंती समोरासमोर केलेल्या विनंतीच्या मानाने फारच कमी वेळा मान्य होते, आणि पाठवणाऱ्याला मात्र हा फरक जाणवत नाही. आपला हेतू चांगला आहे हे आपल्याला ठाऊक असते, पण पडद्यावरच्या मजकुरातून तो समोरच्याला दिसत नाही. म्हणूनच सामाईक ओळखीचा उल्लेख, पूर्ण भरलेली प्रोफाइल आणि नेमका प्रश्न यांची येथे इतकी गरज असते. सामाईक ओळखीच्या व्यक्तीचे नाव लिहिण्यापूर्वी त्या व्यक्तीला मात्र जरूर विचारा.

प्रतिसाद ३

नोंदीच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. ज्यांना विचारण्यासारखे काही नेमके सुचलेले नाही, त्यांना नोंद न जोडता साधी विनंती पाठवावी, कारण पोकळ नोंदीपेक्षा कोरी विनंती बरी. नोंदींची मोजकी संख्या ज्यांच्यासाठी खरोखर अभ्यास केला आहे त्यांच्यासाठी राखून ठेवा.

दुसरे असे की विनंती आल्यावर लोक आधी तुमच्या नावाखालची ओळ पाहतात. तेथे केवळ पदनाम असेल तर «गुणवत्ता नियंत्रण विश्लेषक, स्टॅबिलिटी अभ्यास, एचपीएलसी» असे काही लिहा. संदेश कितीही चांगला असला तरी रिकामी प्रोफाइल पाहून लोक विनंती तशीच पडू देतात.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. मी मसुदा पूर्णपणे बदलत आहे आणि सुरुवात प्रयोगशाळेतून त्या विभागात गेलेल्या व्यक्तींपासूनच करणार आहे. आठवण करून देण्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला आहे. शिवाय, कोणी आपुलकीने उत्तर दिले तर त्यांच्याकडे आपल्या नावाची शिफारस करण्याची विनंती केव्हा करावी, हेही समजत नाही. लगेच केली तर त्यासाठीच ओळख काढली असे वाटेल, आणि फार उशीर केला तर मी त्यांच्या लक्षातही राहणार नाही.

प्रतिसाद १

आठवण एकदाच करा, आणि ती साधारण आठ-दहा दिवसांनी. 'माझा संदेश पाहिलात का' असे विचारू नका, कारण त्यात तक्रारीचा सूर येतो. मधल्या काळात तुम्ही स्वतः काही केले असेल तर ते सांगा, उदाहरणार्थ «दरम्यान स्टॅबिलिटीविषयीची आयसीएचची मार्गदर्शक तत्त्वे पुन्हा वाचली, आणि माझा प्रश्न आता एवढाच उरला आहे» (आयसीएच म्हणजे औषधांचे तांत्रिक निकष ठरवणारी आंतरराष्ट्रीय परिषद). त्यानंतरही उत्तर आले नाही तर विषय तेथेच सोडा. बहुतेक वेळा त्यामागे वेळेचा अभाव असतो, तुमच्याबद्दलचे काही मत नसते. विनंतीच स्वीकारली गेली नसेल तर ती घाईने मागे घेऊ नका, कारण मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीला पुन्हा विनंती पाठवण्यासाठी तीन आठवड्यांपर्यंत थांबावे लागते.

शिफारशीबद्दल माझा अनुभव असा आहे की मला आठवणीत राहतात ते मी सांगितलेले करून पाहिल्यावर पुन्हा लिहिणारे लोक. समजा मी तुम्हाला परीक्षकांच्या शंकांना उत्तरे लिहिण्याचा सराव करा असे सांगितले, आणि काही आठवड्यांनी तुम्ही «आमच्या प्रयोगशाळेकडे आलेल्या एका शंकेचे उत्तर तयार करण्याचे काम मी मागून घेतले आणि त्यात अमुक एक अडचण आली» असे लिहिलेत, तर तुमच्याबद्दल इतरांना सांगण्यासारखे काहीतरी माझ्याकडे असेल. मात्र प्रयोगशाळेचा किंवा उत्पादनाचा गोपनीय तपशील अशा संदेशात कधीही येऊ देऊ नका. आमच्या क्षेत्रात एवढ्या एका कारणावरून माणसाबद्दलचा विश्वास जातो.

त्यानंतर एखादी जागा जाहीर झालेली दिसली की त्या जाहिरातीचा दुवा देऊन स्पष्ट विचारा : «या जागेसाठी मी अर्ज करत आहे. माझ्या कामाबद्दल तुम्हाला जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावर माझे नाव पुढे करणे तुम्हाला योग्य वाटेल का? वाटत नसेल तर तसे निःसंकोच सांगा.» येथे नाही म्हणण्याची वाट मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे, कारण शिफारस करणाऱ्याचाही शब्द पणाला लागतो.

तुमचा नवा मसुदा तयार झाला की येथे टाका, मी पाहीन. त्यात मॉड्यूल ३ चा उल्लेख करणार असाल तर त्याआधी स्टॅबिलिटीचा भाग ३.२.पी.८ या क्रमांकाखाली येतो आणि त्यात सारांश व निष्कर्ष, मंजुरीनंतरच्या अभ्यासाची हमी आणि आकडेवारी असे तीन उपभाग असतात, एवढे नजरेखालून घाला. म्हणजे कोणी उलट प्रश्न विचारला तर पुढचा संदेश लिहिताना अडणार नाही.