चुन्याने गुच्छी येणार नाही

जांभ्याच्या मातीत चुना घातला तर कोकणातही गुच्छी, म्हणजे हिमालयात उगवणारी रानअळंबी, येईल, असं एकाने म्हटलंय. आम्लता कमी होईल हे मान्य, पण हिमालयात बर्फ वितळल्यावर मिळणारा गारवा इथे कुठून आणणार?

आपल्याकडची वारुळावरची अळंबी तर वाळवीच पिकवते. जमिनीखाली ती चावलेल्या पालापाचोळ्याचे स्पंजासारखे मळे रचते, त्यावर बुरशी वाढते आणि पावसाळ्यात तिच्याच छत्र्या वर येतात. अळंबी हलक्या हाताने ओढून बघा, देठाखाली मुळासारखी लांब शेपटी निघते. ती खालच्या मळ्यापर्यंत गेलेली असते. म्हणून कळकळीने सांगतो, तिथे कुदळ घालू नका आणि परड्यातल्या वारुळात वाळवीचं औषध तर अजिबात ओतू नका. वारूळ जिवंत असेल तर पुढच्या पावसातही तिथेच अळंबी उगवू शकते.