व्हिनिअरच्या शटरला टवके न उडता भोकं कशी पाडायची? (बजेट 700)

हँडलवाला: नमस्कार मंडळी. वॉर्डरोबच्या चार शटरना हँडलं लावायची आहेत. स्क्रूंमधलं अंतर 128 मिमी, म्हणजे 5 मिमीची आठ भोकं. शिवाय अभ्यासाच्या टेबलाला वायरींसाठी 60 मिमीचं एक. प्लाय 18 मिमी, वर सागाचं व्हिनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) आणि पीयू पॉलिश, शटरना आतून लॅमिनेट. घरी 10 मिमीचं वायरवालं ड्रिल आहे. बिट कोणते घेऊ? 700 रुपयांत बसवा, नवं ड्रिल सुचवू नका.

सागवेडा: आधी बॅटरीवालं ड्रिल घ्या. माझं 12 व्होल्टचं आहे, दोन बॅटऱ्या, क्लच, दिवा, सगळं. लाकडात त्याच्यासारखा ताबा वायरवाल्यात मिळत नाही. चार-पाच हजार एकदाच जातात.

पटाशी: ड्रिल आहे तेच चालेल, फक्त हॅमर (ठोके मारायची सोय) बंद ठेवा. खरा प्रश्न बिटाचा. व्हिनिअरचा लाकडी पापुद्रा जेमतेम अर्ध्या मिमीचा असतो. लोखंडात भोक पाडायच्या बिटाला उतरतं टोक असतं, त्यामुळे कडेचे तंतू कापले जाण्याआधीच उचलले जातात आणि टवका उडतो. ब्रॅड पॉइंट घ्या. त्याला मधोमध सुई आणि कडेला दोन धारदार टोकं असतात. टोकं आधी गोल चिरतात, मग आतला भाग निघतो. सुटा 5 मिमीचा एकच घ्या, अख्खा संच नको.

रंधा७: मास्किंग टेप लावा. बास.

कोपरखिळा: टेपला +१. शिवाय भोक पाडायच्या आधी कटरने गोल चिरून घ्या.

पटाशी: टेपवर खूण छान उमटते, पण ती टवके थांबवत नाही. टवके जास्त उडतात ते बिट बाहेर पडतो त्या बाजूला, कारण तिथे मागून आधार नसतो. शटर उघडून आतल्या बाजूला सपाट फळकूट सी क्लॅम्पने घट्ट आवळा. शटर आणि फळकुटामध्ये कागदाइतकीही फट नको. फट राहिली तर लॅमिनेट हमखास फुटतं. क्लॅम्पच्या तोंडाखाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर पॉलिशवर वळ उठेल. सुरुवात नेहमी व्हिनिअरच्या बाजूने.

कोपरखिळा: टेप काढताना सरळ वर ओढू नका. लाकडाच्या रेषांच्या दिशेने, अगदी आडवी, हळू काढा. पॉलिश नवं असेल तर टेपबरोबर तेही निघतं. आमच्याकडे तसं निघालंय.

सागवेडा: मुळात सनमायका लावला असता तर हा व्याप नव्हता.

रंधा७: सनमायकाच जास्त फुटतो. व्हिनिअरचा टवका फेव्हिकॉलने परत बसतो, सनमायकाचा बसत नाही.

पेचकस: मिस्त्रीला बोलवा. आठ भोकांसाठी कोणी येत नाही हे खरं, पण दुसऱ्या कामाबरोबर उरकून घेता येईल.

गुण्या_लंबक: 60 मिमीला फ्लॅट (चपट्या पात्याचा) बिट नको, तो व्हिनिअर ओरबाडतो. फॉर्स्टनर (रुंद, गोल धारेचा बिट) सफाई उत्तम देतो, पण एवढा मोठा हातातल्या ड्रिलवर अडकला तर मनगट पिरगळतं. होल सॉ घ्या, म्हणजे मधोमध बिट असलेली दातेरी वाटी. वरून सुरू करा. मधला बिट आत गेला आणि दात व्हिनिअरला टेकले की ड्रिल उलट फिरवून फक्त रिंगण कोरा, पापुद्रा चिरला जाईल. मग सुलट, ट्रिगर निम्म्याहून कमी दाबून. मधला बिट खाली निघाला की थांबा आणि उरलेलं त्याच भोकातून खालून पाडा. मध्येच थांबून भुसा काढा. धूर दिसला तर लगेच थांबा, उष्णतेने पांढरा फेव्हिकॉल मऊ पडतो आणि भोकाच्या कडेला व्हिनिअर सुटतं.

पटाशी: शिवाय वायरीच्या टोपणाची कड भोकाबाहेर काही मिमी येते. बारीक टवके तिच्याखाली झाकले जातात. हँडलच्या बुडाखालीही तेच. मोजमाप मात्र चुकलं तर झाकत नाही. प्लायच्या पट्टीवर 128 चं माप घेऊन दोन भोकं पाडा आणि तीच पट्टी चारही शटरना गुण्याने जुळवून लावा. आठ वेळा मोजायच्या टेपने मोजू नका.

सागवेडा: तरी सांगतो, बॅटरीवालं ड्रिल.

हँडलवाला: सगळ्यांचे आभार. 5 मिमीचा ब्रॅड पॉइंट आणि दोन सी क्लॅम्प घेतोय. टेबलाला भोक पाडतच नाही. ते भिंतीपासून दोन इंच पुढे ओढतो आणि वायरी मागून खाली सोडतो. सागाच्या व्हिनिअरच्या अखंड पाटीला भोक बघवणार नाही.

गुण्या_लंबक: टेबल तुमचं. पण स्क्रू तपासा. हँडलबरोबर बहुधा 25 मिमी लांबीचे एम4 (4 मिमी जाडीचे) स्क्रू येतात. तुमचं व्हिनिअर 4 मिमीच्या शीटचं (पातळ प्लायवर आधीच चिकटवलेला पापुद्रा) असेल तर 18 अधिक 4 अधिक लॅमिनेट, म्हणजे शटर 23 च्या आसपास. 25 चा स्क्रू हँडलमध्ये दोन मिमीच जाईल आणि आटे सुटतील. 30 चे आणा, आणि आधी हँडलच्या भोकाची खोली मोजा.