निशिगंध सोसायटी ग्रुप : सवाईवर काही बघायला-ऐकायला आहे का?

मंजिरी (बी ४०४): नमस्कार मंडळी. पाण्याच्या विषयात मधेच घुसतेय, रागावू नका. माझी भाची डिसेंबरात नेदरलँड्सहून येतेय, अठरा वर्षांची आहे. तिला सवाईला, म्हणजे पुण्यातल्या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, न्यायचंय. ती म्हणते, मावशी, एकदम जाऊन बसले तर मला ओ की ठो कळणार नाही, आधी एखादी डॉक्युमेंटरी नाहीतर पॉडकास्ट पाठव. दोन संध्याकाळ शोधतेय. ‘सवाई’ टाकलं की सवाई माधोपूरचे वाघ येतात 😅 कोणाला काही माहीत आहे?

समीर, सचिव (ए २०२): टँकर साडेचारला येतोय. तोवर वरच्या मजल्यांनी मशीन लावू नये.

बापट काका (सी ५०२): पुढे ‘गंधर्व’ जोडा, वाघ जातील.

मंजिरी (बी ४०४): जोडलं हो काका. मग तासातासाच्या मैफिली येतात. मैफिली नकोत, त्या ती तिथे ऐकेलच. महोत्सव काय आहे, कसा सुरू झाला, असं काही हवंय.

रेश्मा (ए ४०३): मलाही हवंय. आम्ही कोल्हापूरचे, इथे येऊन दोन वर्षं झाली. डिसेंबर आला की ऑफिसात सगळे ‘सवाईला आहेस का’ विचारतात आणि मी नुसती मान हलवते.

शुभदा काकू (सी ३०१): अगं हे बघ, मला आजच आलंय. (व्हिडिओ) ‘सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १९८५ – पं. भीमसेन जोशी – दुर्मीळ’

बापट काका (सी ५०२): शुभदाताई, हे नावच खोटं सांगतंय. १९८५ साली महोत्सवाच्या नावात भीमसेन कुठून आले? अण्णा, म्हणजे भीमसेनजी, २४ जानेवारी २०११ ला गेले, त्यानंतर त्यांचं नाव जोडलं. तोवर नुसता ‘सवाई गंधर्व महोत्सव’ होता.

शुभदा काकू (सी ३०१): गाणं तर त्यांचंच आहे ना?

बापट काका (सी ५०२): गाणं त्यांचंच. पण मैफल कुठली, कधीची, देव जाणे. मागे विटांची भिंत दिसतेय. सवाईच्या मांडवात भिंत कुठून आली?

शुभदा काकू (सी ३०१): बरं बाई. मी पुढे चौघांना पाठवून बसलेय.

अद्वैत (बी २०३): मंजिरीताई, मी गेल्या वर्षी याच खटपटीत होतो, म्हणून सांगतो. महोत्सवाच्या नावाने फार काही हाती लागत नाही, कलाकाराच्या नावाने लागतं. गुलजारांनी १९९२ साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनसाठी भीमसेनजींवर माहितीपट केला. तो पहिला बघा. महोत्सव एका माणसाच्या गुरुभक्तीतून उभा राहिला, तर तो माणूस आधी कळायला हवा.

अद्वैत (बी २०३): आणि इंग्रजीत शोधाल तेव्हा दोन्ही स्पेलिंगं टाका. कोणी एस-ए-डब्ल्यू लिहितं, कोणी एस-ए-व्ही. माझं निम्मं सामान ‘व्ही’मध्ये निघालं.

मंजिरी (बी ४०४): ‘व्ही’चं सुचलंच नव्हतं! फिल्म्स डिव्हिजन अजून आहे का?

अद्वैत (बी २०३): एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. नाव फिल्म्स डिव्हिजनचंच टाका, जुना माल त्याच नावाने सापडतो. प्रसार भारतीच्या अर्काइव्हचं यूट्यूब चॅनेल पण चाळा, दूरदर्शन-आकाशवाणीचं जुनं असतं त्यात.

बापट काका (सी ५०२): त्याच ओळीतले आणखी. कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांचा ‘हंस अकेला’. किशोरीताई आमोणकरांवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा ‘भिन्न षड्ज’. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर नंदन कुध्यादींचा ‘रसयात्रा’, त्याला राष्ट्रीय पुरस्कार आहे. माझं विचाराल तर ‘रसयात्रा’ सर्वांत वरचा.

शुभदा काकू (सी ३०१): मला ‘भिन्न षड्ज’. किशोरीताई बोलायला लागल्या की बाकी सगळं बाजूला.

बापट काका (सी ५०२): त्यावर वाद नाही.

रेश्मा (ए ४०३): एक वेडा प्रश्न. सवाई गंधर्व म्हणजे भीमसेनजी नव्हेत?

बापट काका (सी ५०२): 🙏

अद्वैत (बी २०३): काका, नमस्कार काय करताय, सांगा की.

बापट काका (सी ५०२): सांगतो. सवाई गंधर्व हे रामभाऊ कुंदगोळकर. कुंदगोळ हुबळीजवळ. अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, किराणा घराणं. संगीत नाटकांतही गायचे. सवाई म्हणजे सव्वापट, म्हणजे गंधर्वापेक्षा पाव जास्तच! १९५२ साली पुण्यात गेले. पुढच्या वर्षी, १९५३ ला, पहिल्या पुण्यतिथीला शिष्यांनी गाणं केलं, तोच हा महोत्सव. पुढाकार भीमसेनजींचा, बरोबर गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर. आर्य संगीत प्रसारक मंडळ आयोजक, आजही तेच.

रेश्मा (ए ४०३): दस्तूर म्हणजे पारशी?

बापट काका (सी ५०२): पारशी. लहानपणी वाडिया मुव्हिटोनच्या बोलपटांत कामं करायचे. ‘लाल-ए-यमन’, १९३३. गंगूबाई हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला शिकायला जायच्या. एक पारशी नट, एक हुबळीच्या बाई आणि एक घरातून पळालेला पोरगा, तिघांचा गुरू एक. यावर अख्खी मालिका निघेल, पण आम्हांला वाघ दिसतात.

मंजिरी (बी ४०४): 😂 हे मी असंच्या असं भाचीला पाठवतेय.

समीर, सचिव (ए २०२): टँकर पावणेपाचला. चालक चौकात अडकलाय.

नाना (ए १०१): 🎤 व्हॉइस नोट ४:१२

रेश्मा (ए ४०३): नाना, मी मीटिंगमध्ये आहे, कोणी लिहून टाकेल का?

अद्वैत (बी २०३): टाकतो. नानांचे शब्द, खोकला मी गाळलाय:

“पोरांनो, आता सवाई पाच दिवसांचा असतो, आमच्या वेळी तीन रात्री असायच्या. रात्री. संध्याकाळी बसायचं ते उजाडल्यावर उठायचं. मी जायला लागलो तेव्हा रेणुका स्वरूपच्या मैदानावर होता, मग रमणबागेत गेला. घरून सतरंजी, दोन शाली, कानटोपी, थर्मास आणि गुळपोळ्या. ही पहिल्या रात्री दोन वाजता म्हणाली, अहो झोपू नका. म्हटलं झोपत नाही, डोळे मिटून ऐकतोय. पहाटे हिने कोपर मारलं, तर थंडीने शालीवर दव आणि समोर भैरव राग चाललेला. कोण गात होतं ते विचारू नका, लाज वाटते. पण तो षड्ज, तो ‘सा’, मला अजून ऐकू येतो. झोपेतून उठताना कानात पहिला सूर षड्ज पडावा, याला नशीब लागतं. पुढे लाउडस्पीकरचा दहाचा नियम आला, रात्री गेल्या आणि दिवस वाढले. तरी शनिवारी बारापर्यंत परवानगी असते, तेव्हा थोडा जुना वास येतो. आता मुकुंदनगरला, तिथे मी खुर्चीत बसतो. गुडघे.”

शुभदा काकू (सी ३०१): नाना, वहिनींची आठवण आली हो.

नाना (ए १०१): 🙏

मंजिरी (बी ४०४): नाना, ही नोट भाचीला पाठवू? दुसऱ्या पॉडकास्टची गरजच नाही.

नाना (ए १०१): पाठव. शालीचं सांगताना मी रडलो नाही, सर्दी आहे, हे पण सांग.

अद्वैत (बी २०३): पॉडकास्टचं खरं सांगू? महोत्सवाच्या नावाने शोधून माझ्या हाती धड काही लागलं नाही. श्रीनिवास जोशी, आनंद भाटे, शौनक अभिषेकी ही नावं टाका, मुलाखती मिळतील. पुण्याचे गवय्ये मुलाखतीला बसले की सवाईचा विषय निघतोच. आणि सलग ऐकायचं तर आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी, चोवीस तास शास्त्रीय, न्यूज ऑन एअरच्या अॅपवर. ती हॉलंडमध्येही लागते.

बापट काका (सी ५०२): मुलाखत घेणाऱ्याने तासभर ‘तुमचा प्रवास कसा होता’ विचारलं तर बंद करा. तंबोऱ्याच्या तारा कशा जुळवता ते विचारलं तर ऐका.

रेश्मा (ए ४०३): वाचायला काही? मला ऐकण्यापेक्षा वाचून कळतं.

बापट काका (सी ५०२): मूळचे गोव्याचे राजन परीकर, त्यांचं रागांवरचं संकेतस्थळ. लेखाच्या मधे मधे ध्वनिफिती दिल्यात. परखड लिहितात, एखादा राग चुकीचा गायला की सोडत नाहीत. मला आवडतं, हिला नाही आवडत.

शुभदा काकू (सी ३०१): आणि कॅसेटी? आमच्याकडे अलूरकरांच्या खोकाभर आहेत. कर्वे रोडवर त्यांच्या दुकानात उभ्याने ऐकत बसायचे लोक. यांनी एका दुकानात डिजिटल करायला दिल्या, त्या पठ्ठ्याने तीन कॅसेटींची एक बाजू पुसून परत दिली. वर म्हणतो, जुनी टेप होती. पैसे पूर्ण घेतले.

अद्वैत (बी २०३): काकू, उरलेल्या माझ्याकडे द्या. डेक आहे माझ्याकडे, फुकट करतो.

शुभदा काकू (सी ३०१): शिरा करून ठेवते.

मंजिरी (बी ४०४): भाचीचा निरोप: “नानाआजोबांची नोट तीनदा ऐकली. पण यात सवाई गंधर्व स्वतः कुठे आहेत? त्यांचा आवाज?” आता काय सांगू?

बापट काका (सी ५०२): हा खरा प्रश्न. मुलीला डोकं आहे.

बापट काका (सी ५०२): त्यांचा आवाज जुन्या तव्यांवर, म्हणजे ग्रामोफोनच्या रेकॉर्डवर, आहे. साडेतीन मिनिटांत ख्याल मावत नाही, तरी. तिला ‘बिन देखे परे नाही चैन’ पाठवा, भैरवी. महोत्सवाची सांगता याच रेकॉर्डने होते. गेली बरीच वर्षं शेवटचं गाणं प्रभाताई अत्र्यांचं असायचं, त्याही जानेवारी २०२४ ला गेल्या. शेवटचं गाणं संपलं की लोक चपला शोधायला लागतात आणि मागून हा खरखरीत तवा सुरू होतो. जे निघाले असतात ते तसेच उभे राहतात, एका पायात चप्पल घालून. मी पण.

नाना (ए १०१): बरोबर.

मंजिरी (बी ४०४): ती आत्ताच म्हणाली, सापडलं, ‘पिया बिन नाही आवत चैन’.

बापट काका (सी ५०२): नाही नाही नाही. तो गुरूचा तवा, करीम खाँसाहेबांचा, झिंझोटी. तिला सांग चूक सुंदर केलीस. तोच ऐकून लहान भीमसेन गुरू शोधायला घरातून पळाले. आधी तो ऐक, मग शिष्याचा. गुरूलाही चैन नाही, शिष्यालाही नाही.

रेश्मा (ए ४०३): काका 👏

बापट काका (सी ५०२): टाळी नको, तो तवा ऐका.

अद्वैत (बी २०३): आणि सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच! डॉक्युमेंटरी घरी का बघायची? महोत्सवाच्या दिवसांत शिवाजीनगरला, राहुल थिएटरजवळ, सवाई गंधर्व स्मारकात सकाळी ‘षड्ज’ असतो, कलाकारांवरचे माहितीपट दाखवतात. आणि ‘अंतरंग’मध्ये कलाकारांशी गप्पा. प्रवेश सगळ्यांना खुला. सकाळी तिथे, दुपारी घरी झोप, मग मुकुंदनगर.

मंजिरी (बी ४०४): हे मला पुण्यात जन्म जाऊन माहीत नाही?!

शुभदा काकू (सी ३०१): मला पण नव्हतं. मी आपली तिकिटाच्या रांगेपुरती.

बापट काका (सी ५०२): त्या सकाळी मांडवातली गर्दी नसते. मी तर ‘षड्ज’साठीच रजा टाकायचो. बायकोला सांगायचो, बँकेत ऑडिट आहे.

शुभदा काकू (सी ३०१): बापट, ग्रुपवर त्या पण आहेत.

बापट वहिनी (सी ५०२): वाचलं.

नाना (ए १०१): २०१० ला सवाई दोनदा झाला, माहीत आहे का कोणाला?

अद्वैत (बी २०३): काय?

नाना (ए १०१): डिसेंबर २००९ चा स्वाइन फ्लूने पुढे गेला, जानेवारी २०१० ला झाला. मग त्याच डिसेंबरात पुढचा. एका वर्षात दोन. बापटांनी दोन ऑडिटं केली असतील.

बापट काका (सी ५०२): नाना!!

समीर, सचिव (ए २०२): टँकर आला. पाणी अर्ध्या तासाने. आणि एक सूचना: हॉल शनिवारी मोकळा आहे, प्रोजेक्टर आहे. गुलजारांचा माहितीपट ७ वाजता लावायचा का? माझी हरकत नाही, वीजबिल सोसायटीचं.

मंजिरी (बी ४०४): लावू या! भाचीला त्या वेळी व्हिडिओ कॉलवर घेते, तिकडे दुपार असेल.

अद्वैत (बी २०३): आवाजासाठी माझे स्पीकर आणतो. प्रोजेक्टरच्या स्पीकरवर तंबोरा फ्रिजसारखा वाजतो.

समीर, सचिव (ए २०२): आवाज दहाला बंद. नियम आहे.

नाना (ए १०१): इथेही दहा!

शुभदा काकू (सी ३०१): खुर्च्या किती लागतील?

नाना (ए १०१): मला एक. बाकी सगळ्यांनी सतरंजी आणायची. मोबाइल खिशात. गाणं चालू असताना उठायचं नाही.

रेश्मा (ए ४०३): आणि चहा?

नाना (ए १०१): मध्यंतरात.